शाळेचें वर्ष : मागील हिशेब व पुढील संकल्प



मे महिन्याची पहिली तारीख आपल्या शाळेच्या पंचांगांत तीन कारणांनीं महत्त्वाची आहे. सन १९६० मध्यें ह्या दिवशीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. ह्याच दिवशीं ख्रिस्तसभा श्रमिकांचा आश्रयदाता जो संत जोसेफ त्याचा सण पाळते. हा सण बारावे पोप पायस ह्यांनीं सन १९५५ मध्यें नेमून दिला. आणि ह्याच दिवशीं, ध्वजवंदन आटोपल्यावर, आपल्या प्राथमिक शाळेंतील मुलांच्या हातीं प्रगतिपुस्तकें पडतात. आया फाटकापाशीं उभ्या असतात, वडील मंडळी जराशी दूर लिंबाच्या सावलींत थांबते, पास झालेलीं मुलें पवित्र मरियेच्या गुहेकडे धांवत जाऊन हात जोडतात आणि मग पेढ्यांच्या वांटणीस आरंभ होतो. बाई हजेरीपट मिटतात, कपाटाला कुलूप पडतें, आणि जून महिन्याच्या मध्यापर्यंत वर्गांतून चिमण्यांखेरीज कोणी बोलत नाहीं.

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत शाळेविषयीं लिहावें अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हां प्रथम मला वाटलें कीं, निकालाचे आंकडे, बक्षिसांची यादी आणि नव्या खोल्यांचा नकाशा दिला म्हणजे आपलें काम झालें. परंतु ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ मनांत आला आणि लेखणी थांबली. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचें विधान आहे. त्या वर्षीं गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी, दास मोकळा व्हावा आणि प्रत्येकानें आपल्या कुळांत परत यावें, अशी देवाची आज्ञा होती. म्हणजे ज्युबिली हा मिरविण्याचा उत्सव नव्हे. दुरावलेल्यांस परत आणण्याचा उत्सव होय. म्हणून मीं असें योजिलें कीं, वर्षअखेरीस शाळा आपला हिशेब कसा करीत आल्या, त्यांत काय मोजलें गेलें आणि काय मोजावयाचें राहून गेलें, ह्याचा थोडा इतिहास आपणांपुढें मांडावा, आणि त्यावरून पुढील वर्षाचा संकल्प करावा.

सेमिनरींत असतां आम्हांस दररोज रात्रीं सद्सद्विवेकाची तपासणी करावयास शिकवीत. संत इग्नेशियस ह्यांनीं तिचीं पांच अंगें सांगितलीं आहेत : देवाचे उपकार मानणें, प्रकाश मागणें, दिवसाचा आढावा घेणें, चुकीबद्दल क्षमा मागणें आणि उद्यांचा निश्चय करणें. शाळेचा वार्षिक हिशेब ही तशीच एक तपासणी आहे. मात्र पहिल्या अंगावरच जो थांबतो, त्याच्या हातून उपकारस्मरण होतें, तपासणी होत नाहीं.

गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढणें हें ख्रिस्तसभेचें जुनें कार्य आहे. सन १५९७ मध्यें रोम शहराच्या ट्रास्टेव्हेरे भागांत, सांता दोरोतेआच्या मंदिरालगत, संत जोसेफ कॅलसान्झ ह्यांनीं विनामूल्य शाळा उघडली. रस्त्यांतून भटकणारीं पोरें गोळा करून त्यांस वाचन, लेखन व हिशेब शिकवावा, इतकाच त्यांचा हेतु होता. पुढें ऐंशीएक वर्षांनीं फ्रान्स देशांत संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल ह्यांनीं तेंच कार्य हातीं घेऊन त्यास शिस्त लावली. हे रीम्सच्या महामंदिराचे कॅनन, कुळानें श्रीमंत. सन १६८० च्या सुमारास त्यांनीं गरीब मास्तरांस एकत्र करून ब्रदरांचा संघ स्थापिला. त्या काळीं वाचनाचा आरंभ लॅटिन भाषेनें होत असे. गरिबाचें मूल दोन-तीन वर्षें शाळेंत राही. लॅटिन तर त्यास येत नसेच, आणि स्वतःची भाषाहि वाचतां न येतां तें कामास जुंपलें जाई. ला साल ह्यांनीं हा क्रम बदलून मुलांस प्रथम त्यांच्या मातृभाषेंत वाचावयास शिकविलें. मराठी शाळेंतून मूल काढावें कीं ठेवावें, ह्या विवंचनेंत असलेल्या आईबापांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी.

परंतु आजच्या विषयास अधिक जवळची अशी ह्या संताची दुसरी एक योजना आहे. शाळा कशी चालवावी ह्याविषयीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं मिळून एक ग्रंथ सिद्ध केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर सन १७२० मध्यें छापला गेला. त्यांत मुलांकडे सोंपवावयाच्या निरनिराळ्या कामांची यादी आहे, आणि त्या यादींत गैरहजर मुलांच्या भेटीस जाणाऱ्यांची एक नेमणूक आहे. आपल्या आळींतील कोण आज आला नाहीं, तो आजारी आहे कीं कामास लावला आहे, हें ह्या मुलांनीं त्याच्या घरीं जाऊन पाहावें व मास्तरांस कळवावें. जो समोर बसला आहे त्यास शिकविणें हें तर शाळेचें काम आहेच. परंतु जो समोर नाहीं त्याची चौकशी करणें हेंहि शाळेचेंच काम आहे, असें ह्या संतानें तीनशें वर्षांपूर्वीं ठरवून ठेविलें. सन १९५० मध्यें ख्रिस्तसभेनें त्यास सर्व शिक्षकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केलें तें योग्यच झालें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सन १८८६ मध्यें हिंदुस्थानांतील धर्मप्रांतांची रचना झाली, तेव्हां पुणें धर्मप्रांत अस्तित्वांत आला. त्याचा विस्तार फार मोठा आणि धर्मगुरु मोजके. हे बहुतेक जर्मन जेझुइट फादर होते. त्याच शतकाच्या शेवटच्या पंचविशींत तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील केंदळ येथें आणि आजूबाजूच्या खेड्यांतून मिशनच्या शाळा निघाल्या. देवळाची पक्की इमारत होण्याच्या आधीं झाडाखालीं किंवा एखाद्या पडवींत शाळा भरावयाची, आणि जो मास्तर तोच प्रश्नोत्तरी शिकविणारा, तोच संध्याकाळची प्रार्थना सांगणारा, असा तो काळ. ह्याच केंदळ गांवाहून फादर हेन्री डोअरिंग ह्यांनीं सन १९०३ मध्यें ‘निरोप्या’ हें मराठी मासिक सुरू केलें. खेड्यांतील शाळांनीं वाचणारीं माणसें तयार केलीं नसतीं, तर मासिक काढून तें कोणाच्या हातीं द्यावयाचें होतें? पुढें सन १९०७ मध्यें हेच फादर डोअरिंग पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धांत जर्मन फादरांस स्थानबद्ध करण्यांत आलें व मग त्यांस देश सोडावा लागला. परंतु त्यांनीं शिकविलेलीं माणसें गांवोगांव राहिलीं, आणि मिशनचा दिवा विझला नाहीं.

आपल्या सातारा व सांगली भागाची गोष्ट थोडी निराळी आहे. येथें कॅथोलिक वस्ती एके ठिकाणीं अशी नव्हती. कोणी पलटणीबरोबर आले, कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त मिरजेकडे आले, कोणी थंड हवेच्या ठिकाणीं चाकरीस राहिले. पांचगणीस सन १८९५ मध्यें डॉटर्स ऑफ द क्रॉस ह्या संघाच्या धर्मभगिनींनीं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट शाळा स्थापिली. ती आजहि चालू आहे. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या : सन १९४९ मध्यें साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले आणि सन १९६० मध्यें दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. धर्मप्रांताच्याहि सीमा बदलल्या : सन १९८७ मध्यें नाशिक आणि सन २००५ मध्यें सिंधुदुर्ग हे धर्मप्रांत वेगळे झाले, सातारा व सांगली मात्र पुण्याकडेच राहिले. सीमा कितीहि बदलोत, विखुरलेल्यांस गोळा करणें हा जो आपल्या भागांतील मिशनचा मूळ धर्म, तो बदललेला नाहीं.

आतां वर्षअखेरीच्या हिशेबाकडे येतों. सन १८५४ च्या सरकारी खलित्यानें खासगी व मिशनच्या शाळांस सरकारी ग्रँट देण्याचें धोरण आलें. पुढें सन १८६२ मध्यें इंग्लंडांत असा नियम झाला कीं, वाचन, लेखन व गणित ह्यांत प्रत्येक मूल उत्तीर्ण होईल त्या मानानें शाळेस पैसा मिळावा. आणि निकालावर ग्रँट देण्याची ही पद्धति मुंबई इलाख्यांतहि आली. वर्षांतून एकदां इन्स्पेक्टर किंवा डेप्युटीसाहेब यावयाचे, मुलांस उभें करून वाचावयास लावावयाचें, पाटीवर गणितें घालावयाचीं, आणि त्यावर शाळेचें भवितव्य ठरावयाचें. ह्या पद्धतीचा हेतु वाईट नव्हता. सरकारी पैसा वायां जाऊं नये, इतकाच तो होता. परंतु परिणाम वाईट झाला. उत्तीर्ण होणारें मूल शाळेस किफायतशीर, आणि न होणारें मूल शाळेवर बोजा, असा अर्थ आपोआप लागूं लागला. मास्तर मुलांकडून धडे घोकून घेऊं लागले, आणि मंद मुलाकडे पाहण्यास त्यांना सवड उरली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं ही पद्धति मोडीत निघाली. परंतु तिची संवय मात्र आपल्या हाडीं खिळली आहे. आजहि शाळेचें नांव निघतांच आपण पहिला प्रश्न विचारतों तो हाच : निकाल किती टक्के?

ह्या हिशेबांत कोण मोजलें जात नाहीं, हें आपल्याच मातींतील माणसांनीं प्रथम दाखवून दिलें. सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें सन १८३१ मध्यें जन्मलेल्या सावित्रीबाई आणि त्यांचे पति जोतीराव फुले ह्यांनीं सन १८४८ मध्यें पुण्यास मुलींची शाळा काढली. जोतीरावांचें घराणेंहि मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें, आणि त्यांचें इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें. सन १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामांतून येतो, आणि त्याच्या मुलाच्या प्राथमिक शिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष होऊन पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो.

पुढें सन १९०० च्या नोव्हेंबर महिन्याच्या ७ तारखेस साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत, जें आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलें जातें, एका मुलाचें नांव दाखल झालें : भिवा रामजी आंबेडकर. दाखल-पुस्तकांतील त्याचा क्रमांक १९१४. सन २०१७ पासून महाराष्ट्रांत हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण ह्या मुलानें पुढें मोठेपणीं लिहून ठेविलें आहे कीं, शाळेंत त्यास इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्यास मनाई. शिपायानें नळ सोडला तरच पाणी, आणि शिपाई नसेल तर पाणी नाहीं. बंधूंनो, पटावर नांव असणें आणि मूल शाळेंत सामावलें जाणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साताऱ्याच्या त्या दाखल-पुस्तकाचें पान त्यांतील पहिली गोष्ट सांगतें. दुसरी कोणत्याहि पुस्तकांत लिहिली जात नाहीं.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानांत राजर्षि शाहू महाराजांनीं सन १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि जो बाप मुलास शाळेंत धाडणार नाहीं त्यास दरमहा एक रुपया दंड ठेविला. सन १९१९ मध्यें कराड तालुक्यांतील काले येथें भाऊराव पाटील ह्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि सन १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत व एकत्र काम करून शिकत. मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं आपल्या गळ्यांतील मंगळसूत्रहि दिलें, ही गोष्ट आपल्या भागांत सर्वश्रुत आहे. हीं माणसें आपल्या धर्माचीं नव्हतीं. तथापि हरवलेल्या मेंढराचा दाखला त्यांनीं ज्या प्रकारें आचरणांत आणिला, त्यापुढें आम्हां धर्मगुरूंची मान खालीं जाते.

मान खालीं जाते असें मी म्हणतों, तें केवळ शिष्टाचारानें नव्हे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, मी शाळेचा व्यवस्थापक होतों. आपल्या कृष्णाकांठीं दिवाळी सरली कीं कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडून ऊसतोड्यांच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब. पोरांचा त्या हिशेबांत उल्लेखच नाहीं. शाळेमागच्या रानांत त्या वर्षीं एक टोळी उतरली. त्यांतील आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, कडेवर धाकट्या भावाला घेऊन, खिडकीपाशीं येऊन उभी राहूं लागली. तिसरीच्या वर्गावर एक वयस्क बाई होत्या. त्यांनीं तिला भावासकट आंत घेतलें व मागच्या बांकावर बसविलें. हळूहळू टोळींतील आणखीहि कांहीं मुलें येऊं लागलीं. शिमगा झाला, ऊस संपला, आणि एके सकाळीं खोपटांच्या जागीं नुसतीं चुलींचीं काळीं दगडें उरलीं.

एप्रिलअखेर मीं वार्षिक अहवाल लिहिला : निकाल शंभर टक्के. मोठ्या समाधानानें तो बाईंस दाखविला. त्यांनीं हजेरीपटाचें शेवटचें कोरें पान उघडून माझ्यापुढें धरलें. त्यावर पेन्सिलीनें सात नांवें लिहिलेलीं होतीं.

“फादर, निकाल खरा आहे, पण पुरा नाहीं. ह्या सातांचें काय लिहावयाचें?” त्या म्हणाल्या.

“बाई, तीं मुलें आपल्या पटावर नव्हतीं,” मी थोड्या त्राग्यानेंच बोललों.

त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं हजेरीपट मिटला आणि त्या घरीं गेल्या. त्या रात्रीं तपासणीस बसलों असतां मला तिसऱ्या अंगापुढें जातां येईना. वाटेवर पडलेल्या जखमी माणसास टाळून पलीकडून निघून गेलेला तो याजक, ह्याच्याजवळहि असेंच एखादें उत्तर तयार असेल : हा माणूस आपल्या पटावर नाहीं. पुढच्या वर्षीं दिवाळीनंतर मी स्वतः त्या रानांत गेलों. टोळी आली होती. पण ती दुसरी होती. ती मुलगी पुन्हां दिसली नाहीं. अहवाल मात्र दप्तरांत तसाच आहे, शंभर टक्क्यांचा.

ह्या भागांत मुलें येतात तशीं जातातहि. माण-खटाव, जत, आटपाडी ह्या दुष्काळी मुलुखांतून कुटुंबेंच्या कुटुंबें मुंबईस जातात. विटें-खानापूर भागांतील गलाईवाले सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरले आहेत. मूल एका शाळेंतून निघालें आणि दुसऱ्या शाळेंत पोहोंचलेंच नाहीं, असें व्हावयास एक हरवलेला दाखला पुरतो.

गेल्या कांहीं वर्षांत देवानें आम्हांस ह्याच गोष्टीचे कडू धडे दिले. सन २००५, २०१९ आणि २०२१ ह्या वर्षीं कृष्णामाई कोपली. सन २०१९ च्या ऑगस्टांत तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी सत्तावन फुटांवर गेलें. घरें गेलीं, दप्तरें गेलीं, आणि पाणी ओसरल्यावर वर्गांत कोण परतलें ह्याची मोजदाद नव्यानें करावी लागली. मग सन २०२० च्या मार्चांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग भरविण्यास सरकारनें अनुमति दिली ती सन २०२१ च्या डिसेंबरांत. सन २०२० च्या जूनमध्यें पहिलींत नांव घातलेलें मूल वर्गाचा उंबरठा ओलांडून आंत आलें तेव्हां तें दुसरींत होतें. कित्येकांस मुळाक्षरेंहि येत नव्हतीं. त्या वर्षीं निकालाचा आंकडा विचारण्यास कोणास तोंड नव्हतें. कोण आलें आणि कोण नाहीं, इतकाच प्रश्न उरला होता. मला वाटतें, त्या वर्षींचा आपला हिशेब सर्वांत खरा होता.

कायद्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सन २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सन २०१० च्या एप्रिलपासून अंमलांत आला. आठवीपर्यंत कोणास नापास करूं नये असें त्यानें प्रथम ठरविलें. सन २०१९ च्या दुरुस्तीनें ती सक्ति सैल झाली, आणि महाराष्ट्रांत सन २०२३-२४ पासून पांचवी व आठवीस पुन्हां वार्षिक परीक्षा आली. ह्याच कायद्यांत खासगी शाळांनीं शेंकडा पंचवीस जागा दुर्बळ घटकांतील मुलांस द्याव्या असें कलम आहे. परंतु घटनेच्या तिसाव्या कलमानें अल्पसंख्याकांस आपल्या शाळा चालविण्याचा हक्क दिला असल्यामुळें, सन २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदा लागू नाहीं असा निर्णय दिला. हा हक्क मोलाचा आहे आणि तो जपला पाहिजे. पण ही सवलत कायद्याची आहे, शुभवर्तमानाची नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सन १९६५ मध्यें शिक्षणाविषयीं जें घोषणापत्र काढलें, त्यांत गरीब, निराधार आणि श्रद्धेपासून दूर असलेल्या मुलांची विशेष काळजी कॅथोलिक शाळांवर सोंपविली आहे. कायदा जेथें आपणांस मोकळें सोडतो, तेथें ख्रिस्ताची आज्ञा आपणांस बांधते.

तेव्हां पुढील वर्षासाठीं चार संकल्प मी आपणांपुढें ठेवतों.

पहिला संकल्प हिशेबाचा. ह्यापुढें शाळेच्या वार्षिक अहवालाचें पहिलें पान निकालाचें नसावें. जीं मुलें वर्षाच्या मध्यें निघून गेलीं, जीं आलीं आणि गेलीं, त्यांचीं नांवें, तीं आतां कोठें आहेत, आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हातीं पडला कीं नाहीं, हें त्या पानावर असावें. निकाल दुसऱ्या पानावर शोभेल.

दुसरा संकल्प भेटीचा. संत ला साल ह्यांची ती जुनी योजना आपण पुन्हां सुरू करूं. प्रत्येक वस्तींतील दोन मुलें आणि धर्मग्रामांतील एक वडील माणूस ह्यांनीं, कोणी लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिल्यास, त्याच्या घरीं जावें. रागें भरावयास नव्हे, विचारपूस करावयास.

तिसरा संकल्प वाचनाचा. सन २०२१ मध्यें सरकारनें ‘निपुण भारत’ ही योजना आंखिली. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें व साधे हिशेब करतां यावे, हें तिचें ध्येय. हें काम एकट्या शिक्षकांवर टाकूं नये. आपल्या धर्मग्रामांत पेन्शन घेतलेले मास्तर आहेत, रेल्वेंतून निवृत्त झालेले बाबा आहेत, दुपारीं मोकळ्या असणाऱ्या आज्या आहेत. दररोज अर्धा तास एका मुलाजवळ बसून त्याचें मराठी वाचन ऐकावें. ऐकणारें कोणी असलें कीं मूल वाचतें.

चौथा संकल्प उंसाच्या हंगामाचा. नोव्हेंबरापासून मार्चापर्यंत शाळेच्या मागील दोन खोल्यांत टोळ्यांच्या मुलांसाठीं वर्ग चालवावा. धाकटीं भावंडें सांभाळण्यास एक बाई ठेवावी, म्हणजे मोठीस पाटी धरतां येईल. जातांना प्रत्येक मुलाच्या हातीं तें काय शिकलें ह्याचा कागद द्यावा, आणि गांवच्या शाळेस तसें पत्र लिहावें. ह्यास खर्च आहे. मी असें सुचवितों कीं, ज्युबिलीच्या देणग्यांतून कमानीसाठीं जी रक्कम बाजूस ठेविली आहे, तींतून हा खर्च प्रथम भागवावा. कमान एक वर्ष थांबली तर कोणाचें बिघडणार नाहीं. ह्या सूचनेवर मतभेद होईल हें मी जाणतों. तो मोकळेपणानें व्हावा. धर्मग्रामसभेंत मी आपलें सर्वांचें म्हणणें ऐकून घेईन.

पांच हजारांस भाकरी पुरविल्यावर प्रभूनें शिष्यांस काय सांगितलें, तें आपण जाणतां. किती जण जेवले हें त्यानें विचारलें नाहीं. कांहीं वायां जाऊं नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितलें, आणि त्या तुकड्यांनीं बारा टोपल्या भरल्या. आपल्या शाळेनें इतक्या वर्षांत पुष्कळांस ज्ञानाची भाकरी दिली. त्याबद्दल देवाचे, आपल्या धर्मभगिनींचे आणि शिक्षकांचे जितके उपकार मानावे तितके थोडेच. आतां टोपल्या उचलावयाच्या आहेत.

जून महिन्यांत शाळेची घंटा वाजेल, नव्या हजेरीपटाचें पहिलें पान उघडेल. त्याचें शेवटचें कोरें पान ह्या वेळीं पेन्सिलीनें नव्हे, शाईनें लिहावें, अशी मीं शिक्षकांस विनंति केली आहे. ज्या बाईंनीं मला तें पान दाखविलें त्या आतां देवाघरीं आहेत. त्यांच्या आत्म्यास चिरशांति लाभो, आणि त्या सात मुलांवर, तीं आज जेथें कोठें असतील तेथें, पवित्र मरियेची कृपादृष्टि राहो.

आपला ख्रिस्तांत बंधु,
आपला धर्मगुरु